आधी खाली उतरायला शीक

प्रिय बाय,

तुझा फोटो मिळाला आणि त्याखालचे प्रश्नही. उजवा घोटा बाहेरच्या बाजूने सुजलाय, निळसर झालाय, बास्केटबॉलची विभागीय स्पर्धा 18 दिवसांवर आली आहे, आजीने तेल लावून पाय चोळून दिलाय आणि तुझा पहिला प्रश्न "खेळू ना?" एवढाच. उंची पुरेल का, रोज किती तास सराव करू, यातून पुढे नोकरी मिळेल का, हे सगळं त्यानंतर. मीही तोच क्रम धरते, कारण घोट्याचं नीट झालं नाही तर बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप बदलतील.

चोळणं आजपासून बंद. आजीला दुखवू नकोस, आपल्याकडे घराघरांत हेच करतात. पण घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाला हाड बांधणारे लिगामेंट असतात. पाय आत वळला की त्यातला पुढचा सगळ्यात आधी ताणतो नाहीतर फाटतो. अशा ताज्या जागेवर पहिले दोन-तीन दिवस चोळलं किंवा शेकलं, तर आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. सांधा निखळलेला नसतो, त्यामुळे ओढून 'बसवण्यासारखं' तिथे काही नसतं. बोटांपासून पोटरीच्या मध्यापर्यंत क्रेप बँडेज बांध, झोपताना पायाखाली दोन उशा घे. बर्फ फक्त दुखणं कमी करायला, फडक्यात गुंडाळून 15 मिनिटं.

आता एक्स-रेचं. बाहेरचा आणि आतला, दोन्ही घोट्यांच्या हाडाची मागची कड टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत अंगठ्याने दाबून बघ. मग करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यांतल्या कुठल्याही हाडावर दाबून दुखलं किंवा लंगडत का होईना पण चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचाच. तो तालुक्याला होतो, त्यासाठी कोल्हापूर किंवा गोवा गाठायला नको.

हाड शाबूत असेल तर पाय पूर्ण आडवा ठेवून बसू नकोस. दुखणं सोसवेल इतकं वजन टाकत चालायला लाग. तिसऱ्या दिवसापासून अंगठ्याने हवेत बाराखडी काढ, दिवसातून तीनदा. पुढच्या पायऱ्या दिवस मोजून चढायच्या नसतात, जमलं की चढायच्या. एका पायावर उभं राहून टाच सलग 20 वेळा वर उचलता आली पाहिजे. डोळे मिटून त्याच पायावर 30 सेकंद तोल राहिला पाहिजे. दुखऱ्या पायाने एकाच लंगडी-उडीत जेवढं अंतर कापतेस, ते चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के हवं. मग सरळ धावणं, मग वळणं, मग अंगाला अंग न लागता सराव, आणि शेवटी दोन पूर्ण सराव दुसऱ्या दिवशी सूज न येता. एवढं झालं की सामना. फोटोतला निळेपणा टाचेपर्यंत उतरलाय, त्यावरून मला तरी हे 18 दिवसांत होईलसं वाटत नाही. तीन ते सहा आठवडे धर.

तू म्हणशील, मोठे खेळाडू दुखणं घेऊनच खेळतात. खेळतात, आणि त्याची किंमतही मोजतात. ग्रँट हिल हा नव्वदच्या दशकातला अमेरिकेतला फार मोठा खेळाडू. एप्रिल 2000मध्ये त्याचा घोटा दुखावला, प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने, तोंडावर होते, तो त्याच पायावर खेळला आणि शेवटी घोट्याचं हाड मोडलं. पुढच्या चार हंगामांत तो ऑर्लँडोच्या संघासाठी जेमतेम 47 सामने खेळू शकला. एका हंगामात सामने असतात 82. गुणवत्ता तीच, मेहनतही तीच, पण वयाची ऐन वर्षं शस्त्रक्रियांत गेली. नंतर तो चाळिशीपर्यंत खेळला ही त्याची जिद्द. ती वर्षं मात्र परत मिळाली नाहीत.

स्टीफन करी या दुसऱ्या अमेरिकन खेळाडूची गोष्ट घोट्याचीच, पण वेगळ्या वळणाची. 2011 आणि 2012मध्ये उजव्या घोट्यावर दोन शस्त्रक्रिया, 2011-12 हंगामात फक्त 26 सामने. हा पोरगा टिकणार नाही, असंच बऱ्याच जणांना वाटत होतं. संघाच्या ट्रेनर मंडळींनी त्याच्या घोट्यापेक्षा कंबरेकडे आणि नितंबाच्या स्नायूंकडे लक्ष दिलं. वळताना, थांबताना सगळा भार घोट्यावर येत होता, तो वरच्या मोठ्या स्नायूंवर नेला. त्यासाठी त्याने कंबरेतून वाकून जड वजन उचलण्याचा व्यायाम वर्षानुवर्षं केला. 2015 आणि 2016, दोन्ही वर्षी तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू. लोक त्याचे लांबून मारलेले शॉट बघतात. तू त्याचे पाय बघ.

मेहनत म्हणजे काय, याबद्दल माझं मत थोडं कडू आहे. पहाटे चारचा गजर, ओकारी येईपर्यंत धावणं, असले व्हिडिओ तू बघतेस हे मला ठाऊक आहे. त्यांतलं बरंचसं दाखवण्यासाठी केलेलं असतं. वर्षभर, चार वर्षं, आठ वर्षं सरावाला उभं राहता येणं ही खरी मेहनत, आणि तिचा अर्धा भाग कंटाळवाणा असतो. बास्केटबॉलमध्ये पोरं उडी वाढवायच्या मागे लागतात. मोडतात बहुधा खाली उतरताना किंवा झपकन थांबताना. मुलींमध्ये ढोपरातलं एसीएल लिगामेंट फाटण्याचा धोका मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतो, आणि बहुतेक वेळा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. उतरताना ढोपर आत वळलेलं असतं, एवढंच.

म्हणून घोटा बरा झाला की उतरण्यापासून सुरुवात कर. घराच्या 30 सेंटीमीटरच्या पायरीवरून दोन्ही पायांवर उतर आणि तीन सेकंद तशीच थांब. ढोपरं पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, कंबर मागे, आवाज कमीत कमी. सहा-सहाचे तीन सेट. आईला समोरून मोबाइल धरायला सांग आणि आधी स्वतः बघ: ढोपरं एकमेकांकडे जातायत का? जात असतील तर पायरी कमी कर, वाढवू नकोस. त्याच्या जोडीला एका पायावर उभी राहून कंबरेतून वाकत 5 किलो तांदळाची पिशवी उचल, प्रत्येक पायावर 8 वेळा. मग गुडघ्यांवर बसून, मागून कुणीतरी घोटे दाबून धरलेले असताना, अंग सरळ ठेवत हळूहळू पुढे झुकायचं. सुरुवातीला दोन वेळा चार-चार पुरे. दुसऱ्या दिवशी मांड्या मागून ठणकतील, घाबरू नकोस. हे सगळं 20 मिनिटांत होतं, आठवड्यातून तीनदा, आणि हंगाम सुरू झाला म्हणून थांबवायचं नाही. बहुतेक संघ नेमकं तेव्हाच थांबवतात.

घोट्यावर लेस बांधायचा ब्रेस मिळतो, तो निदान सहा महिने सराव आणि सामना दोन्हीला घाल. एकदा मुरगळलेला घोटा पहिल्या वर्षात पुन्हा मुरगळायची शक्यता सगळ्यात जास्त. नुसत्या उंच बुटांवर भरवसा ठेवू नकोस.

आपल्या हवेचं आणि कोर्टाचंही बोलायला हवं. तुझ्या शाळेचं सिमेंटचं कोर्ट जुलै-ऑगस्टात शेवाळाने गुळगुळीत होतं. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासल्याशिवाय तिथे वळणांचा सराव नको. बुटाच्या तळव्याच्या खाचांत लाल माती भरली की पकड संपते, ती काडीने काढ. समुद्रावर धावायला नेतात तेही समजून कर: सुक्या भुसभुशीत वाळूत पोटरी आणि टाचेची शीर ताणते, आणि पाण्यालगतच्या कडक वाळूला उतार असतो, त्यामुळे एक घोटा सतत तिरका पडतो. तुझ्या पायाला हे आणखी दोन महिने नको. नंतर ओहोटीच्या वेळी सपाट पट्टा बघून धाव. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत जातं. सरावाआधी आणि नंतर वजन कर, जेवढे किलो कमी भरेल त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत पोटात गेलं पाहिजे. मीठ घातलेली पेज याला उत्तम. बाजारातल्या रंगीत बाटल्यांवर घरचे पैसे घालवू नकोस.

किती तास, हे विचारलंस. साधा हिशेब असा, की आठवड्याला खेळाचे एकूण तास वयापेक्षा जास्त नकोत. तू 16 वर्षांची, म्हणजे 16 तास. त्यात शाळेचा पीटी, कबड्डी आणि शनिवारच्या मॅचेस सगळं आलं. हो, कबड्डीही. तुझा प्रश्न वाचून मला शंका आली, की ती तू मोजतच नाहीस. एकूण तासांपेक्षा घात करते ती अचानक वाढ. गणपतीत सगळे घरी, आरत्या, मोदक, जागरणं, आठ-दहा दिवस बॉलला हात नाही, आणि विसर्जनानंतर विभागीय स्पर्धा आली म्हणून रोज तीन तास. दुखापती याच आठवड्यात होतात. त्या दिवसांतही एक दिवसाआड 20 मिनिटं अंगणात काढ आणि परतल्यावर पहिला आठवडा निम्म्यावर ठेव.

झोप 8 ते 10 तास. स्टॅनफर्ड विद्यापीठात 11 बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रात्री 10 तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. 2011मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यांचे फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) आणि तीन गुणांचे शॉट दोन्ही सुमारे 9 टक्क्यांनी सुधारले. अभ्यास लहान आहे, पण फुकटात एवढी सुधारणा देणारं दुसरं काही मला माहीत नाही. आणि एक स्पष्ट सांगते: पाळी तीन महिने आली नाही, तर 'खेळामुळे होतं' म्हणून सोडू नकोस. पोटात कमी जातंय याची ती खूण असते, त्याने हाडं ठिसूळ होतात आणि पावलाच्या हाडाला बारीक चीर जाते. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाड दुखत असेल, रोज थोडं वाढत असेल, तर थांब आणि डॉक्टरांना दाखव.

उंचीबद्दल खोटं बोलत नाही. उंची, हातांची लांबी, वेग पकडण्याची अंगची क्षमता यांत सरावाने फारसा फरक पडत नाही, आणि निवड करणारे आधी तेच बघतात. मग्सी बोग्स 160 सेंटीमीटर उंचीचा, तरी एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, 14 हंगाम खेळला. पण तो अपवाद आहे म्हणूनच त्याचं नाव लक्षात राहतं. तुझ्या 165 सेंटीमीटरमध्ये तुला गार्डच, म्हणजे बॉल हाताळून खेळ चालवणारीच, व्हायचंय. मग डावा हात उजव्याइतका चालला पाहिजे, दबावाखाली बॉल सुटता कामा नये, 6.75 मीटरवरून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेवरून, शॉट बसला पाहिजे. निकोला योकिचला 2014च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, 41व्या क्रमांकावर घेतलं होतं. तो फारशी उडी मारत नाही, पण पास कुठे जाणार हे त्याला इतरांच्या आधी दिसतं. पुढे तीनदा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. असं दिसणं सामने बघून, खेळून वाढतं.

पाय बरा होईपर्यंत खुर्चीवर बसून शॉट मार, बसूनच डाव्या हाताने ड्रिबल कर. बरी झालीस की फ्री थ्रो दोन-दोनच मार, मध्ये कोर्टाची एक पूर्ण फेरी, कारण सामन्यात तो शॉट धापा टाकतानाच येतो. वहीत किती मारले हे नको लिहू. 50 बसवायला किती मारावे लागले, ते लिही.

हे सगळं करूनही नशीब राहतंच. ग्रेग ओडेनला 2007मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलं, पुढे फार मोठा झालेल्या केविन ड्युरांटच्याही आधी. ढोपरांनी साथ दिली नाही आणि तो कारकिर्दीत 105 सामने खेळला. डेरिक रोझ 2011मध्ये 22व्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये, संघ आरामात पुढे असताना, शेवटच्या दीड मिनिटात एसीएल फाटलं. शॉन लिव्हिंगस्टनचं ढोपर 2007मध्ये निखळलं, तीन लिगामेंट गेले. तो परत आला तेव्हा उडीवर बेतलेला जुना खेळ सोडून जवळच्या अंतरावरचा शॉट घेऊन आला आणि पुढे तीन अजिंक्यपदांच्या संघात होता. तुझं एसीएल कधी गेलंच, देव न करो, तर शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत कोर्टवर परतायचं नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

आणि म्हणूनच दहावी-बारावी सोडायची नाही. आपल्या देशात मुलींसाठी बास्केटबॉलचा भरवशाचा पगार अजून खेळाडू कोट्यातल्या नोकरीतूनच येतो, त्यात रेल्वे सगळ्यात पुढे. भारताची कर्णधार राहिलेली पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडूनच खेळली आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्याला प्रमाणपत्रं लागतात आणि पदाला लागणारं शिक्षणही. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेव, आपल्या पावसात कागद टिकत नाही. थ्री बाय थ्रीकडेही बघ: अर्धं कोर्ट, चार जणी (कोर्टवर तीन, एक राखीव), 10 मिनिटं किंवा 21 गुण. गावात पूर्ण संघ जमत नाही, चार जणी जमतात.

विभागीयला संघाबरोबर जा, पण खेळायला नाही. बाकावर बसून समोरच्या गार्डचा बॉल कुठल्या हातात असताना सुटतो, ते लिहून काढ आणि मध्यंतरात सरांना दे. तुझ्या जागी कुणाला घ्यायचं हे त्यांना यादी जाण्याआधी ठरवावं लागेल, तेव्हा त्यांना आजच सांग. मीही संध्याकाळी फोन करते.

तुझी,
ताई