क्यूबरनेटिस क्लस्टरमधल्या व्हर्च्युअल मशीन आपोआप कशा सांभाळाव्यात? गावाकडच्या विजेच्या लाईनवर हे टिकतं का?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावी तीन सर्व्हरचा क्यूबरनेटिस क्लस्टर (अनेक सर्व्हर एकत्र चालवणारी व्यवस्था) आहे, त्यावर क्यूबव्हर्टमधून (क्यूबरनेटिसवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) चार-पाच व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत चालणारे संगणक, थोडक्यात व्हीएम) चालतात, आणि त्या सुरू करणं, हलवणं, पडल्या तर उठवणं हे माणसाशिवाय व्हायला हवं. शेवटी एक ओळ टाकलीय: ‘आमचे सल्लागार म्हणतात, गावाकडच्या लाईनवर हे टिकत नाही.’ मी लिहायला बसलो तो त्या एका ओळीमुळे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या अलीकडच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हेच काम करतो. आमच्याकडेही तीनच सर्व्हर, तेही नागपुरातून जुने घेतलेले. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर जुनं, विंडोज ७ शिवाय चालत नाही, म्हणून ते व्हीएममध्ये. हिशेबाचं दुसऱ्या व्हीएममध्ये. गाठींचे लेबल, शेतकऱ्यांना जाणारे मेसेज, भावाचा बोर्ड हे नंतर केलेलं, ते कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टिम न लागणाऱ्या हलक्या पॅकेजमध्ये. दोन्ही एकाच क्लस्टरवर, एकाच पद्धतीने सांभाळता यावं म्हणून क्यूबव्हर्ट घेतलं. निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही.

हा क्लस्टर नागपूरच्या एका साहेबांनी बसवून दिला. माणूस हुशार, पण प्रत्येक वाक्यात ‘फुल ऑटोमेशन’. त्यांनी एक स्क्रिप्ट क्रॉनमध्ये टाकली होती, दर मिनिटाला धावायची. एखादा नोड, म्हणजे क्लस्टरमधला सर्व्हर, ‘नॉट रेडी’ दिसला की त्यावरचे पॉड (ज्या खोक्यांत कंटेनर आणि व्हीएम चालतात ते) फोर्स डिलीट. व्हीएमची रनस्ट्रॅटेजी (मशीन कधी चालू ठेवायची तो नियम) ‘ऑलवेज’, त्यामुळे पॉड गेला की क्यूबव्हर्ट ती मशीन दुसऱ्या नोडवर उभी करतं. डेमोत त्यांनी शेटजींसमोर एका सर्व्हरची पॉवर केबल ओढली. काही मिनिटांत काट्याची मशीन दुसरीकडे सुरू झाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काट्यावरचे काका तेवढे उठून आपल्या केबिनमध्ये गेले.

काकांबद्दल सांगायलाच हवं. तीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस. लांबट, लाल पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. गाडी काट्यावर चढली की आकडा स्क्रीनवर येतो, तसाच ते वहीतही लिहीत. गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, वेळ, भरलेलं वजन. साहेब त्यांना एकदा म्हणाले होते, ‘काका, आता कशाला लिहिता, सगळं सर्व्हरला जातंय.’ काका काही बोलले नाहीत, लिहीत राहिले.

जानेवारीतली संध्याकाळ होती, कापसाची आवक जोरात. गेटपासून डांबरी रस्त्यापर्यंत बंड्या (बैलगाड्या), मेटाडोर, ट्रॅक्टरची रांग. सातच्या सुमारास लाईन गेली. सर्व्हर, स्टोरेज, मोठा स्विच सगळं यूपीएसवर होतं, त्यामुळे कुणाला चिंता नव्हती. पण मोठ्या स्विचचे पोर्ट संपले म्हणून साहेबांनी दोन नंबरच्या नोडचं मॅनेजमेंटचं कनेक्शन एका छोट्या आठ पोर्टच्या स्विचवरून नेलं होतं. त्या स्विचचा अ‍ॅडाप्टर भिंतीवरच्या साध्या सॉकेटमध्ये होता. तेवढा एकच बंद पडला.

आता बघा काय झालं. दोन नंबरचा नोड जिवंत होता. त्याची स्टोरेजची वायर वेगळी, ती मोठ्या स्विचला, यूपीएसवर. काट्याची विंडोज त्यावर चालू होती आणि आयस्कझीवरच्या, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या, आपल्या डिस्कवर लिहीत होती. फक्त क्लस्टरला तो नोड दिसत नव्हता. स्क्रिप्टने ‘नॉट रेडी’ बघितलं, पॉड फोर्स डिलीट केला. फोर्स डिलीट म्हणजे काय, तर एपीआय सर्व्हरमधली, म्हणजे क्लस्टरच्या मध्यवर्ती दप्तरातली, नोंद पुसायची आणि नोडवर खरंच काही थांबलं का याची वाट बघायची नाही. क्यूबव्हर्टच्या लेखी मशीन गेली. तीन नंबरच्या नोडवर तीच विंडोज, तीच डिस्क घेऊन, पुन्हा उभी राहिली.

एका एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) डिस्कवर दोन विंडोज एकाच वेळी लिहीत होत्या. क्यूईएमयूचं (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) इमेज लॉकिंग, म्हणजे तीच डिस्क दुसऱ्याला उघडू न देणारं कुलूप, असतं ना, असं कुणी विचारेल. फाइलवर असतं, आणि नेटवर्क फाइल सिस्टिमचे लॉक नीट चालत असतील तर ते वाचवतंही. पण कच्च्या ब्लॉक डिव्हाइसवर (मध्ये फाइल नसलेली थेट डिस्क, आमची तशीच) ते लॉक त्या-त्या नोडपुरतंच राहतं. शेजारच्या नोडला त्याचा पत्ता नसतो.

तासभर काटा व्यवस्थित चालला. मग डेटाबेस उघडेना. चेकडिस्क चालवलं तर निम्म्या फाइली तुकडे होऊन बाहेर आल्या. बॅकअप आदल्या रात्रीचा.

जिनिंगवरचं वजन ज्याला माहीत नाही त्याला यातलं दुखणं कळणार नाही. गाडी दोनदा काट्यावर चढते. आधी भरलेली, मग कापूस ढिगावर ओतून खाली. दोन्हीतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा माल, आणि काटापट्टी छापली जाते ती दुसऱ्या वजनानंतर. दिवसभरात ज्यांचं पूर्ण झालं होतं त्यांच्या पट्ट्या होत्या, ते निभावलं. पण त्या घडीला चौदा गाड्या अधेमधे होत्या, आणि त्यातल्या नऊंनी कापूस ओतून टाकला होता. त्या नऊ जणांचं भरल्या गाडीचं वजन जगात कुठेच नव्हतं. कापूस ढिगात मिसळून गेला, परत मोजणार कसा?

एक बाई होत्या, नवरा वारलेला, दोन एकरांचं वावर. रिकाम्या बंडीजवळ उभ्या राहून एवढंच विचारत होत्या, ‘माह्या कापसाचं वजन कुठी गेलं बापू?’ मला उत्तर देता आलं नाही.

काकांनी वही उघडून माझ्यासमोर ठेवली. ‘सारं हाय याच्यात. वाच, मी पट्ट्या लिवतो.’ नऊच्या नऊ. त्या बाईंचा आकडा वहीत होता, बंडी पुन्हा काट्यावर घेतली, ११ क्विंटल ४० किलो निघाले. रात्री दीडपर्यंत मी कंदिलासारखा मोबाइलचा टॉर्च धरून उभा होतो आणि काका हाताने पट्ट्या लिहीत होते.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा अहवाल आला. कारण: ग्रामीण भागातील अनियमित वीजपुरवठा. शेटजींनी तो मान्य केला. मी तेव्हाही नाही म्हणालो होतो, आजही नाही म्हणतो. लाईन इथे जातेच, ते आम्हाला जन्मापासून माहीत आहे. चूक ही होती की नोड दिसत नाही याचा अर्थ नोड मेला असा धरला. नागपुरात, पुण्यात, कुठेही कुणाचा पाय वायरला लागला असता तरी हेच झालं असतं. क्यूबरनेटिस स्वतः अशा नोडवरचे पॉड ‘टर्मिनेटिंग’मध्ये लटकवून ठेवतं आणि लोक त्याला मूर्ख म्हणतात. ते बरोबर करतं. त्याला माहीत नाही, म्हणून ते हात लावत नाही.

तर तुमच्या सल्लागारांना माझ्याकडून हे सांगा: आधी फेन्सिंग, मग ऑटोमेशन. संशयित नोडची पॉवर बाहेरून तोडायची, ती तुटली याची खात्री करायची, आणि मगच मशीन दुसरीकडे उठवायची. सर्व्हरला आयपीएमआय (बाहेरून पॉवर चालू-बंद करायची सोय) असेल तर नोड हेल्थ चेक आणि फेन्स एजंट्स रेमेडिएशन हे ऑपरेटर (क्लस्टरमध्ये बसवायचे प्रोग्राम) ते काम करतात. आमच्या जुन्या डब्यांना आयपीएमआय नाही, म्हणून प्रत्येक नोडच्या वायरीत नेटवर्कवरून बंद करता येणारा पॉवर स्विच बसवलाय. तो बंद झाला, खरंच बंद आहे हे तपासलं, की मग नोडवर ‘आउट-ऑफ-सर्व्हिस’ टेन्ट (taint, नोडला लावायची खूण) लावायचा. हा टेन्ट क्यूबरनेटिस १.२८ पासून स्थिर आहे आणि नेमका यासाठीच आहे: नोड खरंच बंद आहे हे तुम्ही सांगता, मग पॉड आणि व्हॉल्यूम सोडवले जातात. टेन्ट लावणाऱ्या स्क्रिप्टने पॉवर तपासली नाही, तर ती साहेबांचीच स्क्रिप्ट झाली, नाव फक्त नवीन.

‘ऑलवेज’ही काढा. त्यात विंडोजमधून शटडाऊन केलं तरी मशीन परत उठते. लाईन गेलीय, यूपीएस संपत आलाय, ऑपरेटर बिचारा बंद करतोय आणि ती पुन्हा सुरू होतेय. ‘रीरन-ऑन-फेल्युअर’ ठेवा, नीट बंद झालेली मशीन बंदच राहते. यूपीएसची बॅटरी उतरली की आधी व्हीएम, मग नोड, असा क्रम आमच्याकडे नेटवर्क यूपीएस टूल्स या सॉफ्टवेअरमधून लावलाय. टर्मिनेशन ग्रेस पीरियड (मशीनला नीट बंद व्हायला दिलेला वेळ) दिला नसेल तर तो ३० सेकंद धरला जातो, विंडोजला ते पुरत नाही. मी ६०० ठेवलेत. आर्गो सीडी (गिटमध्ये, म्हणजे लिहून ठेवलेल्या सेटिंगच्या नोंदीत, आहे तेच क्लस्टरवर लागू ठेवणारं साधन) वापरत असाल आणि ‘ऑलवेज’ काढायचं नसेल, तर व्हर्टसीटीएलने (क्यूबव्हर्टची कमांड) थांबवलेली मशीन आर्गोचं सेल्फ-हील पुन्हा सुरू करेल हेही लक्षात असू द्या, कारण गिटमध्ये ‘ऑलवेज’च लिहिलेलं असतं.

हलवण्याचं सोपं आहे. एव्हिक्शन स्ट्रॅटेजी (नोड रिकामा करताना मशीनचं काय करायचं तो नियम) ‘लाइव्ह मायग्रेट’, म्हणजे मशीन चालू असतानाच हलवणं, डिस्क अनेक नोडवरून लिहिता येईल अशी, पॉड नेटवर्कवर मास्करेड (मशीनचं नेटवर्क पॉडच्या पत्त्यामागून). सर्व्हर वेगवेगळ्या पिढीचे असतील तर सगळ्या व्हीएमना सर्वांत जुन्या नोडला झेपेल ते सीपीयू मॉडेल द्या, नाहीतर नव्यावरून जुन्यावर मशीन जाणार नाही. नवीन मशीन आपोआप बनवण्यासाठीचे टेम्पलेट, क्लाउड-इनिट, डेटाव्हॉल्यूम यांवर भरपूर लिहिलेलं सापडेल, ते इथे उगाळत नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुमच्याकडे कंटेनर नसतीलच आणि नुसत्या पाच व्हीएम असतील, तर क्यूबव्हर्टच्या वाटेला जाऊ नका, प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारं वेगळं सॉफ्टवेअर) लावा, कमी त्रास होईल. आणि मी हे ब्लॉक स्टोरेजच्या अनुभवावरून लिहितोय. तुमचं स्टोरेज कोणतं ते प्रश्नात नाही, ते लिहा, म्हणजे लॉकिंगचं नेमकं सांगता येईल.

काका गेल्या वर्षी घरी बसले. केबिनमध्ये आता नवीन मुलगा आहे, त्याच्यापुढेही लाल वही असते. शेटजींनी ती बंद करायला सांगितलं तेव्हा मी आडवा आलो. तुम्ही आज एक करा. सर्व्हररूममध्ये जा, प्रत्येक लहान-मोठ्या अ‍ॅडाप्टरची वायर हातात धरा आणि ती कोणत्या सॉकेटला जाते ते शेवटपर्यंत बघून या.