प्रोग्रेसिव्ह रॉकमधला लोकसंगीताचा प्रभाव: खरा, की नुसती सजावट?

तुम्ही विचारलंय की सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकवर (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) लोकसंगीताचा खरंच प्रभाव होता, की बासरी-मँडोलिन ही नुसती सजावट होती. आणि ऐकताना शब्द कळायलाच हवेत का.

प्रभाव होता, आणि तो बासरीत नाही, शब्दांत आहे. ज्यांना शब्द ऐकायचेच नसतात त्यांना सजावट दिसणारच.

बासरीचं आधी संपवतो. जेथ्रो टल या बँडच्या इयन अँडरसनची बासरी कानावर पडली की लोक लगेच ‘फोक’, म्हणजे लोकसंगीत, म्हणून मोकळे होतात. पण त्याचा गुरू म्हणायचा तर जॅझवाला रोलंड कर्क. टलच्या १९६८ च्या पहिल्याच अल्बमवर कर्कची एक रचना आहे. फुंकता फुंकता गुणगुणणं, आवाज घोगरा करणं, हे सगळं तिकडून आलेलं. टलमधलं गाव शोधायचं तर १९७८ चं ‘हेवी हॉर्सेस’ घ्या. ट्रॅक्टर आला आणि नांगराचे थोरले घोडे बिनकामाचे झाले, त्यावरचं गाणं. सफोक, क्लाइड्सडेल, पर्शेरॉन, शायर अशा जातीनिशी नावं घेत त्यांना हाका मारल्यात.

पण माझं दुखणं वेगळ्या गाण्याचं आहे. ट्रॅफिक या बँडचं ‘जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय’, १९७०. गाणं मुळात त्यांचं नाही, इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गायलं गेलेलं आहे. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सनंही १७८२ मध्ये त्याचं आपलं रूप लिहिलं होतं. ट्रॅफिकच्या क्रिस वूडला ते वॉटरसन्सच्या १९६५ च्या रेकॉर्डवर सापडलं. वॉटरसन्स म्हणजे इंग्लंडमधल्या हल शहरातलं गाणारं घराणं, वाद्यांशिवाय गायचं. गोष्ट अशी: पश्चिमेकडून तीन माणसं येतात आणि जॉन बार्लीकॉर्नला मारायची शपथ घेतात. नांगरून त्याला जमिनीत गाडतात, डोक्यावर ढेकळं लोटतात. पाऊस पडतो आणि तो डोकं वर काढतो. त्याला दाढी फुटते. मग विळेवाले येऊन त्याला गुडघ्यात छाटतात, गाडीला बांधतात, काठ्यांनी हाडावरची सालटी काढतात, आणि गिरणीवाला तर त्याला दोन दगडांमध्ये भरडतो. हा जॉन म्हणजे जवाचं पीक, हे गाणं कुठेही समजावून सांगत बसत नाही.

पुण्यात आम्ही काही जण रविवारी एका ज्येष्ठ मित्राकडे रेकॉर्डी ऐकायला जमायचो. माणूस जाणकार. कुठल्या अल्बमवर ड्रम्स कोणाचे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. एकदा मी हे गाणं लावायला सांगितलं. शब्द हातानं उतरवून नेले होते. गाण्यात ड्रम्सचा धडाका नाही; गिटार, बासरी, पियानो, खंजिरी आणि स्टीव्ह विनवुडचा सरळ, न रडणारा आवाज. दोन-तीन कडवी झाल्यावर प्रश्न आला, ‘सोलो (एकट्या वाद्याची लांब फेरी) कधी येतो?’ आणि बरोबर गिरणीवाल्याच्या ओळीपाशी त्यांनी सुई उचलली. ‘ही भजनं घरी ऐकत जा,’ म्हणाले. सगळे हसले.

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन दारात थांबल्या होत्या. त्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. आमच्या बैठकीत कधी बसल्या नाहीत, त्यांना कुणी बस म्हटलंही नाही. त्यांनी विचारलं, ‘अहो, पण त्या माणसाचं पुढे काय झालं?’ यावर यजमान म्हणाले, ‘अगं, गाणं आहे ते, गोष्ट नव्हे.’

नाही हो, गोष्टच आहे ती! वहिनींना शेवट मी नंतर स्वयंपाकघरात सांगितला: कापून, भरडून झालेला जॉन शेवटी पेल्यातून परत येतो आणि सगळ्यांत बळकट ठरतो, त्याच्यावाचून शिकाऱ्याला शिंग फुंकता येत नाही, कल्हईवाल्याला भांडं सांधता येत नाही. त्या म्हणाल्या, ‘मग सूड घेतला म्हणायचा.’ एकदाच कानावर पडलेल्या अर्ध्या गाण्यातून बाईंना जे कळलं, ते यजमानांना कपाटभर रेकॉर्डी बाळगून कळलं नव्हतं. प्रोग्रेसिव्ह रॉकची वीस-वीस मिनिटांची गाणी नुसत्या वाजवण्यावर उभी राहत नाहीत. लांब पल्ल्याची गोष्ट भावना न उगाळता कशी सांगायची, मारामारी आणि मरण सपाट आवाजात कसं गायचं, हे ब्रिटिश बॅलडला, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीताला, आधीच येत होतं. जेनेसिस या बँडचं १९७१ चं ‘द म्युझिकल बॉक्स’ बघा: क्रोके या खेळातल्या दांड्यानं मुलगी मुलाचं मुंडकं उडवते. ही घटना कव्हरवर छापली आहे, गाणं तिच्यानंतर सुरू होतं, आणि मध्येच ओल्ड किंग कोलचं बडबडगीत येतं.

शब्दांना किंमत नव्हती म्हणणाऱ्यांनी किंग क्रिम्सन या बँडचा १९६९ चा पहिला अल्बम उलटून पाहावा. पीट सिनफील्डच्या नावापुढे वाद्य नाही. शब्द आणि प्रकाशयोजना आहे, तरी तो बँडचा पूर्ण सभासद. रेनेसाँ या बँडची कितीतरी गाणी लिहिणारी बेटी थॅचर तर दूर कॉर्नवॉलमध्ये राहायची. चाली टेपवर पोस्टानं यायच्या, शब्द पोस्टानं जायचे. भरताड हवं असतं तर एवढा खटाटोप कोण करेल?

आता हेही सांगायला हवं की सगळ्यांना हे लागू नाही. इमर्सन, लेक अँड पामर शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताकडे जास्त झुकलेले. येस या बँडच्या जॉन अँडरसनचे शब्द बरेचदा नादासाठीच असतात, तिथे अर्थ लावत बसू नका. ट्रॅफिकला प्रोग्रेसिव्ह म्हणावं का, यावरही लोक भांडतात, मी म्हणतो.

सुरुवात मात्र फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडच्या १९६९ च्या ‘लीज अँड लीफ’ अल्बमपासून करा. ते प्रोग्रेसिव्ह नाहीत, पण लोकगीतं विजेच्या गिटारींवर कशी चढवायची ते त्यांच्याकडे ऐका. त्यातलं ‘मॅटी ग्रोव्ह्ज’ शब्द समोर ठेवून ऐका. गायिका सँडी डेनी लॉर्डची बायको, तिचा प्रियकर, दोघांचे खून, सगळं आवाज न चढवता सांगून टाकते. ज्यांना सोलो हवा असतो त्यांच्यासाठी डेव्ह स्वॉरब्रिकचं फिडल (व्हायोलिन) आणि रिचर्ड थॉम्पसनची गिटार पुढे तीनेक मिनिटं सुटतात. गोष्ट पूर्ण झाल्यावर.