शोध-शंका : खारफुटी, कांदळवन आणि रोहित

प्रश्न : आमच्या संग्रहात ठाणे खाडीविषयीची कात्रणं आणि छायाचित्रं आहेत. नोंदी एक्सेलमध्ये. कुणी ‘खारफुटी’ लिहिलंय, कुणी ‘कांदळवन’, कुणी ‘तिवर’, कुणी ‘मॅनग्रोव्ह’. एक शब्द शोधला की बाकीच्या नोंदी निसटतात. ‘फाइंड अँड रिप्लेस’ करून सगळीकडे एकच शब्द घालावा का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : मुळीच नको. कात्रणाचा मथळा जसा छापला तसाच राहू द्या; एकदा बदललात की मूळ काय होतं ते परत कळणार नाही. विषयासाठी वेगळा रकाना करा आणि त्यात शब्दाऐवजी संकल्पनेचा क्रमांक लिहा (खारफुटी, कांदळवन, मॅनग्रोव्ह या तिन्हींना एकच). शब्द दुसऱ्या शीटवर : क्रमांक, शब्द, मान्य की पर्यायी, टीप. एका क्रमांकाला मान्य शब्द एकच, पर्याय हवे तितके. मात्र प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र ओळ द्या. एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन चार शब्द कोंबले, की व्ही-लुकअपला (एक्सेलचं शोधसूत्र) त्यातला एकही सापडत नाही. ‘खारफूटी’, ‘कांदळवण’ अशी चुकीची रूपंही नोंदवा, फक्त वाचकाला दाखवू नका.

आता तिवर. बोलताना आपण सरसकट ‘तिवरं’ म्हणतो, पण वनस्पतिशास्त्रात तिवर म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया, कांदळवनातला एक गट. ठाणे खाडीत तोच भरपूर असल्याने दोन्ही एकत्र टाकायचा मोह होतो. तो आवरा. तिवराला वेगळा क्रमांक देऊन ‘व्यापक : कांदळवन’ असं नातं जोडा. कांदळवन शोधणाऱ्याला तिवराच्या नोंदी मिळाव्यात. तिवर शोधणाऱ्यावर अख्खं कांदळवन ओतू नये, ‘हेही पाहा’ पुरे.

असाच घोळ फ्लेमिंगोच्या कात्रणांत होईल. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंखही. शब्दसूचीत ‘रोहित (पक्षी)’ असं लिहा आणि शोधताना हा पर्याय फक्त विषयाच्या रकान्यात चालवा. मथळ्यांत चालवलात तर क्रिकेटची कात्रणं खाडीत उतरतील!

एवढं करूनही शोध फसला तर टंकन तपासा. ‘खाऱ्या’मधला अर्धा ऱ कुणी नुक्त्याचं (खाली टिंब असलेलं) अक्षर वापरून टंकतं, कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना एक, संगणकाला दोन. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं एकच अक्षर एका रूपात आणणारी पद्धत) हे जोडचिन्ह काढत नाही, त्यामुळे दुसरं रूप वेगळं बदलून घ्यावं लागतं. ही सफाई शोधासाठीच्या प्रतीवर करा, मूळ नोंदींवर नव्हे.

पुढे कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरणार असाल तर प्राधिकार नोंदीत (मान्य शब्द आणि त्याचे पर्याय ठेवणारी नोंद) १५० क्रमांकाच्या रकान्यात मान्य शब्द, प्रत्येक पर्यायाला वेगळं ४५०, व्यापक नातं ५५० मध्ये. पर्याय भरले तरी ग्रंथसूचीच्या शोधात ते आपोआप धरले जात नाहीत. ‘इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस’ ही सेटिंग चालू करा आणि नंतर पूर्ण रीइंडेक्स करा, म्हणजे शोधाची अनुक्रमणिका नव्याने बांधून घ्या. रीइंडेक्स राहिला, तर सेटिंग चालू दिसूनही ‘खारफुटी’ला आधीइतकेच निकाल येतील.