डिस्क आजारी आहे, पण अजून बाहेर ओढू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या सर्व्हरमध्ये ८ टीबीच्या चार डिस्क आहेत, लिनक्सवर एमडीएडीएम या आज्ञेने केलेला रेड ५ आहे, म्हणजे एक डिस्क गेली तरी तिचा मजकूर बाकी तिघींवरून काढता येतो असा गट. तिसऱ्या डिस्कवर 'करंट पेंडिंग सेक्टर' २४ दिसतंय, दुसरीवर सीआरसी एररचा आकडा १२०० च्या पुढे गेलाय, फाइली मात्र सगळ्या उघडतात. एक नवी डिस्क हातात आहे. दोन्ही डिस्क बदलायच्या का, आणि तिसरी आत्ताच काढून तिथे नवी बसवली तर चालेल का?

दुसरी डिस्क बहुधा ठणठणीत आहे. तिसरी बदलायलाच हवी, पण आत्ता, अशी, ओढून नाही. ती तिच्या कप्प्यात जोडलेली असेपर्यंत तुमच्या फार कामाची आहे, आणि हे का ते नीट सांगतो, कारण याच ठिकाणी माझा डेटा गेला होता.

पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कला जो तुकडा वाचता आला नाही आणि ज्याचा निकाल तिने राखून ठेवला आहे तो. वाचता येत नाही तोवर ती तो परस्पर बदलत नाही, कारण आतला मजकूर काय होता हे तिला माहीत नसतं. त्या जागी काही नवीन लिहिलं गेलं की मग ती ठरवते: लिहिलेलं नीट टिकलं तर खूण पुसते, नाही टिकलं तर राखीव जागेतला दुसरा सेक्टर त्याच्याऐवजी वापरते आणि डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी 'स्मार्ट' नोंद ठेवते त्यातला ५ नंबरचा आकडा, म्हणजे 'रिअलोकेटेड', वाढतो. बऱ्याच डिस्क हा हिशेब ५१२ बाइटच्या सेक्टरने ठेवतात, पण प्रत्यक्षात त्यांचे सेक्टर ४०९६ बाइटचे असतात. म्हणून हा आकडा बऱ्याचदा ८ च्या पटीत दिसतो. तुमचे २४ म्हणजे बहुतेक तीनच खरे सेक्टर. ८ टीबीच्या डिस्कमध्ये असे सेक्टर साधारण १९५ कोटी असतात.

म्हणजे तिसऱ्या डिस्कवरचा जवळजवळ सगळा डेटा आज वाचता येतोय. ती बाहेर काढलीत की रेड ५ ने दिलेलं संरक्षण त्या क्षणी संपतं. मग नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या तिघींना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावं लागतं, एकूण २४ टीबी. त्यात एकीनेही एखाद्या ठिकाणी हात टेकले, तर तिथला मजकूर कुठूनच मिळत नाही. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात वाचनातल्या चुकीची मर्यादा बऱ्याचदा १० च्या १४ व्या घाताइतक्या बिटमागे एक, म्हणजे साधारण १२.५ टीबीमागे एक, अशी दिलेली असते. हा आकडा दाखवून 'रेड ५ मेला' असं सांगणारे भेटतात. ते मला पटत नाही. ती कंपनीने स्वतःला घालून घेतलेली वरची मर्यादा आहे, आणि चांगल्या डिस्क तिच्यापेक्षा खूप बऱ्या वागतात. पण ज्या डिस्क कित्येक महिन्यांत पूर्ण वाचल्याच गेलेल्या नाहीत, त्यांच्याबद्दल मला खात्री वाटत नाही.

माझ्याकडे दोन डिस्कचा मिरर होता, म्हणजे दोघींवर तोच मजकूर. एकीवर असेच पेंडिंग सेक्टर दिसले. मी ती लगेच काढली, नवी बसवली, आणि जागा मोकळी हवी म्हणून काढलेली डिस्क त्याच संध्याकाळी पुसून टाकली. रिबिल्ड, म्हणजे नवी डिस्क भरण्याचं काम, सत्तर टक्क्यांवर गेल्यावर 'चांगल्या' डिस्कवर वाचता न येणारा भाग लागला. तो तिथे किती महिने होता कोण जाणे. तो भाग कधी कुणी वाचलाच नव्हता, त्यामुळे डिस्कने तक्रारही केली नव्हती. पुसलेल्या डिस्कवर नेमका तोच भाग शाबूत असण्याची दाट शक्यता होती, कारण दोघींचे खराब सेक्टर एकाच जागी येणं फार दुर्मिळ. वडिलांच्या आवाजातल्या काही रेकॉर्डिंग त्या भागात होत्या. त्या परत मिळाल्या नाहीत. म्हणून कुणी 'काढू का' विचारलं की मी आधी 'थांबा' म्हणतो.

आता तुमचं काम. आज रात्री फक्त बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर, आणि सगळं एकदम नाही: जे पुन्हा निर्माण करता येणार नाही ते आधी. फोटो, आवाज, कागदपत्रांचे स्कॅन, स्वतःचं लिखाण. उतरवून घेतलेले चित्रपट आणि सॉफ्टवेअर शेवटी, किंवा नाहीच. कॉपी झाली की वेगवेगळ्या फोल्डरमधल्या पाचपन्नास फाइली दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून बघा. रेड हा बॅकअप नाही हे तुम्ही ऐकलं असेल, पण इथे त्याचा अर्थ अगदी व्यवहारातला आहे: पुढची प्रत्येक पायरी चुकली तरी तुम्ही शांत राहू शकाल ते या कॉपीमुळे. ती पूर्ण होईपर्यंत स्क्रब, म्हणजे सगळ्या डिस्क पूर्ण वाचून ताडून बघणं, चालवू नका; लाँग टेस्ट, म्हणजे डिस्कची स्वतःची पूर्ण तपासणी, लावू नका. आजारी डिस्कची उरलेली शक्ती आधी डेटा बाहेर आणायला वापरायची.

दुसऱ्या डिस्कचा सीआरसी आकडा, म्हणजे १९९ नंबर, डिस्कच्या आतल्या तबकड्यांबद्दल काहीच सांगत नाही. डिस्क आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेवर बिट बिघडले एवढंच तो सांगतो. सैल कनेक्टर, दुमडलेली साटा केबल किंवा कप्प्यामागचा बोर्ड, यांपैकी काहीतरी. हा आकडा परत शून्यावर कधीच येत नाही, त्यामुळे १२०० पाहून घाबरण्यात अर्थ नाही. तो वाढतोय का एवढंच बघायचं. आजचा आकडा लिहून ठेवा. बॅकअप झाल्यावर मशीन पूर्ण बंद करून केबल बदला, आठवड्याने पुन्हा बघा. तेवढाच राहिला तर डिस्क निर्दोष आहे. चांगली डिस्क बदलायला गेलात तर एका वेळी दोन डिस्क हलवाल, आणि रेड ५ ला तेवढंच पुरतं.

इथेच एक सूचना, लहान वाटली तरी महत्त्वाची. लिनक्समधली एसडीए, एसडीबी ही नावं मशीन चालू होताना दिली जातात आणि बदलू शकतात. काल एसडीसी असलेली डिस्क आज एसडीबी असू शकते. कोणती काढायची ते सिरियल नंबरवरूनच ठरवा. स्मार्टसीटीएल ही आज्ञा तो दाखवते, डिस्कच्या स्टिकरवरही तो असतो. मशीन बंद असताना चारही नंबर टिपून प्रत्येक कप्प्यावर बाहेरून चिकटवा. चुकीची डिस्क ओढल्यामुळे गेलेले रेड मी खरोखर बिघडलेल्या डिस्कपेक्षा जास्त पाहिलेत.

नवी डिस्क आली म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. दुसऱ्या संगणकाला जोडून तिच्यावर पूर्ण लिहून-वाचून बघणारी बॅडब्लॉक्सची चाचणी आणि नंतर लाँग टेस्ट घ्या. ८ टीबीला याला काही दिवस लागतात, तरी वाट बघा. प्रवासात आपटलेली डिस्क पहिल्याच आठवड्यात उघडी पडते, आणि ती रिबिल्डच्या मध्यावर पडण्यापेक्षा टेबलावर पडलेली बरी. शिवाय ती एसएमआर नाही ना हे मॉडेल नंबरवरून तपासा. एसएमआर डिस्कमध्ये लिहिण्याच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. एक जागा बदलायची तर शेजारचं बरंच पुन्हा लिहावं लागतं, आणि सलग लिखाणाचा ताण आला की वेग पार कोसळतो. रेडसाठी सीएमआरच, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढलेली डिस्क, घ्या.

मग बदल करताना जुनी डिस्क जोडलेलीच ठेवून नवी जास्तीच्या साटा पोर्टवर लावा, ती आधी रेडमध्ये स्पेअर, म्हणजे राखीव डिस्क, म्हणून घ्या आणि एमडीएडीएमच्या रिप्लेस पर्यायाने 'या डिस्कच्या जागी ही' असं सांगा. तो तिसऱ्या डिस्कवरून सरळ नवीवर कॉपी करत जातो. जिथे तिसरी अडते फक्त तिथे बाकी तिघींच्या मदतीने मजकूर नव्याने काढतो. त्या तिघींपैकी एखादी दुसरीकडे कुठे कच्ची असली, तर तिथे तिसरी आहेच. संरक्षण एक क्षणही उघडं पडत नाही. झेडएफएस या फाइल सिस्टममध्येही जुनी डिस्क जोडलेली ठेवून रिप्लेस करता येतं, आणि काही तयार सर्व्हरमध्ये रिकामा कप्पा असल्यास 'ड्राइव्ह बदला' असा पर्याय असतो. सरासरी सेकंदाला १५० एमबी वेग धरला तर ८ टीबीला सुमारे १५ तास लागतील. सर्व्हर वापरात असेल तर आणखी.

पोर्टच शिल्लक नसेल तर लोक यूएसबी डबी लावतात. चालतं, पण काही डब्या सेक्टरचा आकार वेगळा सांगतात आणि मग तीच डिस्क आत बसवल्यावर ओळखली जात नाही. त्यापेक्षा साधं साटा कार्ड बरं. दुसरा रस्ता म्हणजे सर्व्हर नीट बंद करून तिसरी डिस्क दुसऱ्या संगणकावर डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने नवीवर उतरवणं. ते आधी सोपे भाग उचलतं, अवघड जागा शेवटी ठेवतं आणि कुठे काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये करतं. पण एक खबरदारी घ्या: एकही सेक्टर राहिला असेल तर ती प्रत तशीच रेडमध्ये बसवू नका. न वाचलेल्या जागी नव्या डिस्कवर जे काही आधीचं असेल, तेच रेड खरा मजकूर समजून तुम्हाला देईल, तेही कुठलीही तक्रार न करता.

आणखी एक गोष्ट कॉपी सुरू करण्याआधी तपासा, नाहीतर चांगली डिस्कही अचानक रेडबाहेर फेकली जाते. डेस्कटॉपसाठीच्या डिस्क एखादा सेक्टर वाचता येईना तर मिनिट-दोन मिनिटं तिथेच झगडत बसतात. लिनक्स मात्र ३० सेकंद थांबतो आणि डिस्क गेली असं समजून तिला रीसेट करतो. रेडसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत 'नाही जमत' असं कबूल करतात, त्यामुळे रेडला तो मजकूर इतरांकडून काढून परत लिहायला वेळ मिळतो. ही मर्यादा स्मार्टसीटीएलच्या एससीटीईआरसी पर्यायाने दिसते आणि लावता येते. तुमच्या डिस्कला ती जमत नसेल, तर उलट लिनक्सची थांबण्याची वेळ १८० सेकंद करा. या दोन्ही गोष्टी सहसा मशीन बंद झाल्यावर विसरल्या जातात, तेव्हा सुरू होताना आपोआप लागतील अशी सोय करा.

मधेच एखादी डिस्क बाहेर पडली आणि रेड उभाच राहिला नाही, तर इंटरनेटवर मिळालेली, रेड नव्याने बनवणारी 'क्रिएट' आज्ञा चुकूनही देऊ नका. एमडीएडीएमच्या एक्झामिन पर्यायाने मिळणारा चारही डिस्कचा अहवाल आधी जपून ठेवा, मग विचारा. आणि डिस्क टकटक आवाज करायला लागली किंवा संगणकाला दिसेनाशी झाली, तर लगेच वीज बंद. त्या अवस्थेत फ्रीझरमध्ये ठेवणं किंवा झाकण उघडून बघणं, दोन्हींनी उरलीसुरली आशा जाते. आतलं हेड तबकडीवरून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, धुळीचा एक कणही त्याला डोंगर असतो. बॅकअप नसेल तर तिथून पुढे डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेचंच काम.

'आकडे वाढत नाहीयेत तर वापरत राहू का' असंही तुम्ही विचारलंय. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडल्यावर ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांनी चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. म्हणून इशारा मिळाला तर तो मानायचा, आणि नाही मिळाला तरी निश्चिंत व्हायचं नाही. स्मार्ट नोंदीतले ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ हे नंबर मी दर आठवड्याला बघतो. काही कंपन्यांच्या डिस्कवर १ आणि ७ नंबरचे कोट्यवधींचे आकडे दिसतात, ते वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असतात, त्यांच्याकडे बघू नका.

कॉपी संपली की मगच स्क्रब चालवा आणि नंतर तो दर महिन्याला आपोआप होईल असं लावा. माझ्या मिररमधला तो खराब भाग महिन्याच्या स्क्रबमध्ये तेव्हाच सापडला असता, आणि दुसऱ्या डिस्ककडून दुरुस्तही झाला असता. इशाऱ्याचा मेल स्वतःला एकदा मुद्दाम पाठवून खरोखर येतो का ते बघा.

जुनी तिसरी डिस्क निदान महिनाभर तारीख आणि सिरियल नंबर लिहून बाजूला ठेवा. पहिला स्क्रब एकही चूक न दाखवता पूर्ण झाला आणि बॅकअप पुन्हा एकदा उघडून पाहिलात, की मग तिच्यावर पूर्ण शून्य लिहून वॉरंटीत द्या.