युक्रेनच्या भित्तिचित्रांत फुलांचा मुकुट आणि लाल फळं वारंवार का दिसतात?

मुकुट म्हणजे 'विनोक'. तो पूर्वापार लग्नाआधीच्या मुलींनी माळायचा, त्यामुळे देश तरुण मुलीच्या रूपात रंगवायचा झाला की तो ओघाने येतोच. कीवच्या आंद्रीयिव्स्की उतारावरचं 2014चं 'पुनर्जन्म' हे चित्र बघा. 2013-14च्या 'मैदान' या सरकारविरोधी आंदोलनानंतर शहरात भित्तिचित्रांची जी लाट आली, त्यातलं हे सुरुवातीचं. युक्रेनच्या अलेक्सेई किस्लोव्हने ते फ्रान्सच्या सेथसोबत रंगवलं.

लाल फळांचे घोस 'कलीना' या झुडपाचे. लोकगीतांत कलीना म्हणजे मायभूमी, आणि सांडलेलं रक्तही.

पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती द्निप्रोजवळच्या पेत्रीकिव्का गावची फुलापानांची शैली. तिथल्या बायका चुना दिलेल्या भिंतींवर आणि चुलीभोवती ही नक्षी काढत. कुंचला मांजराच्या केसांचा, रंग अंड्याच्या बलकात कालवलेला. एकाच कुंचल्यावर दोन रंग घेऊन फटकारा मारला की पाकळी गडद होत होत फिकट होते. बारीक फळं तर थेट बोटाच्या टोकाने उठवतात. 2013 मध्ये युनेस्कोने या कलेला वारसा यादीत घेतलं. आज बहुमजली इमारतींवर फुलं दिसली तर आधी हे फटकारे शोधा.

मारियुपोलमध्ये आल्ला होर्स्का आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये केलेल्या 'जीवनवृक्ष' मोझेकची 2022च्या रशियन हल्ल्यांत मोडतोड झाली, म्हणून उरलेल्या भिंतींचे फोटो जमतील तेवढे जपून ठेवायला हवेत.