कापसाचे पैसे आणि अर्पणाची थैली

शहादा

प्रिय बेटा,

येशूच्या नावात सलाम.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी एस.टी.त होतो, शेजारी कोंबड्यांची डालगी, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. म्हणून लिहितो. वडील गेल्यावर यंदा पहिल्यांदा कापूस तुझ्या हातून विकला गेला. तू विचारलंस, दशमांश काढायचा तो आलेल्या सगळ्या रकमेवर, की खर्च वजा जाता उरेल त्यावर? आणि फोन ठेवता ठेवता म्हणालास, "वेचणीवाल्या बायांचे दोन आठवडे बाकी आहेत, व्यापाऱ्याचा चेक वटला की तेही बघतो." रात्री अंथरुणावर पडलो तर तुझा प्रश्न बाजूलाच राहिला, हे वाक्यच आठवत राहिलं.

हिशेबाचं आधी उरकू. बी, खत, फवारणी, मजुरी वजा कर आणि उरेल त्याचा दहावा भाग काढ. काही पाळक म्हणतील, काहीच वजा करू नये. त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण दशमांश म्हणजे देवाची पाणीपट्टी, एकदा भरली की सुटलो, असं मनात असेल तर बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १४ वा अध्याय सावकाश वाच. तिथे सांगितलंय, पिकाचा दशमांश देवाने निवडलेल्या ठिकाणी ने, घरच्यांसह खा आणि आनंद कर. वाट लांबची असेल तर माल विक, पैसे गाठीला बांध आणि तिथे जाऊन मनाला येईल ते विकत घे. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश मात्र गावातच ठेवायचा, देवाच्या सेवेतले, वाट्याला जमीन नसलेले लेवी, उपरे, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. मला हे २७ वर्षं मंडळीची खजिनदारकी केल्यावर कळलं. थैली फिरवणाऱ्याला वाचायला सवड कुठे! पुढे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तर टक्का सांगितलाच नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याला जसं यश मिळालं असेल तसं त्याने बाजूला काढून ठेवावं, एवढंच लिहिलं.

आता बायांकडे येतो. मजुरी वजा करतोस म्हणजे ते पैसे तुझे नाहीत हे तुलाही मान्य आहे. मग ते तुझ्याकडे दोन आठवडे काय करतायत? अनुवादाच्या २४ व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. याकोब तर आपल्या पत्रात शेताच्या बांधावर उभा राहून बोलल्यासारखा बोलतो: तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे आणि ते ओरडणं देवाच्या कानी गेलं आहे. या बाया पहाटे भाकरी बांधून टेम्पोत उभ्या राहून येतात, दिवसभर ओटीत कापूस वेचतात, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघतात, आणि संध्याकाळी काट्यावर किलोने मोजून देतात. बाजाराच्या दिवशी पैसे हातात पडले तर तेल-मीठ येतं, नाहीतर दुकानदाराच्या वहीत उधारी चढते. चेक कधी वटतो हे तू आणि व्यापारी बघा. बायांनी का थांबायचं? बँकेतून काढ, नसतील तर कुणाकडून हातउसने घे. माझ्याकडेही थोडे आहेत.

तुझे आजोबा पऱ्हाटी उपटायच्या आधी दोन दिवस शेत मोकळं सोडायचे. ज्याला राहिलेली बोंडं वेचायची त्याने वेचावीत. कुणी टोकलं तर म्हणायचे, "एवढं रान कोण राखत बसतं?" 'लेवीय' पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात हेच आहे: शेताच्या कडा कापू नका, सरवा म्हणजे कापणीत मागे पडलेलं वेचू नका, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. रूथने बवाजाच्या शेतात असाच सरवा वेचला आणि संध्याकाळी झोडपून पाहिला तर एफाभर, म्हणजे साधारण वीस लिटर, जव निघाले. आजोबांच्या त्या दोन दिवसांची पावती आमच्या पुस्तकात कधी फाटली नाही.

तू म्हणशील, मास्तर मजुरीवरून हलेनात. बरं, मालाबद्दल बोलतो. हंगामाच्या सणाला लोक काय आणतात ते तूही पाहिलंयस. कवडी कापूस, केळीच्या करपलेल्या फण्या. मलाखी संदेष्ट्याच्या काळी लोक लंगडी, आजारी जनावरं वेदीवर आणायचे. संदेष्टा म्हणाला, हेच तुझ्या अधिकाऱ्याला देऊन बघ, तो खूश होईल का? (आपण तलाठ्याला असल्या फण्या देऊ का?) दावीद राजाला वेदी बांधायची होती तेव्हा अरवनाने खळं, बैल, लाकूड सगळं फुकट देऊ केलं होतं. तो म्हणाला, ज्याला मला काही मोजावं लागलं नाही ते मी देवाला अर्पणार नाही, आणि ५० शेकेल चांदी मोजून दिली.

पण यावरून मोठं तेच चांगलं असं धरू नकोस. तिथे मी स्वतः चुकलोय. लेवीय ५ मध्ये पापार्पणाला मेंढी किंवा शेळी सांगितली आहे. ती ऐपत नसेल तर दोन पारवे, तेही नसतील तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटरच्या भांड्यात मावेल इतकं. देवाने ही सवलत आधीच लिहून ठेवली होती. येशूच्या आईनेही मंदिरात पाखरांचंच अर्पण केलं. हे सगळं मला पाठ होतं. तरी एका सणाला टेबल मांडताना पुढे केळीचा थोरला घड, पपया, मिरच्यांची रास लावली, आणि एका बाईने आणलेली वालाच्या शेंगांची पाटी टेबलाखाली सरकवली. किलोभरही नसतील. फोटो नीट यावा एवढंच डोक्यात. उपासना सुटल्यावर लिलाव झाला, घड तीनदा विकला गेला, घेणारा परत देतो ते तुला माहीतच आहे. पाटी राहिली. जेवणाच्या पंगतीत ती बाई जवळ आली. "मास्तर, मनी पाटी कोठे शे?" म्हणजे माझी पाटी कुठे आहे? लिलाव होऊन पाटी रिकामी झाली असेल, असं तिला वाटलं होतं. मी वाकून भरलेली पाटी काढून तिच्या हातात दिली. ती काही बोलली नाही, शेंगा घेऊन घरी गेली.

गरीब विधवेने मंदिराच्या पेटीत टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांवर, मी तोवर दोनदा उपदेश केला होता.

राहिले पंखे. वडिलांच्या आठवणीसाठी मंडळीला दोन पंखे द्यायचे म्हणतोस. दे, मे महिन्यात आत बसवत नाही. पण आईच्या मोतीबिंदूचं आधी उरक. आईबापाला द्यायचं ते "कुर्बान आहे", म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, असं म्हणून देवाच्या नावावर टाकणाऱ्यांना येशूने काय सुनावलं, ते मार्काच्या ७ व्या अध्यायात आहे, मी इथे पुन्हा लिहीत नाही. बांधावरून काकांशी बोलणं बंद आहे, त्याचंही एकदा बघ. वेदीजवळ आल्यावर भाऊ आठवला तर अर्पण तिथेच ठेवून परत जायला सांगितलंय, आणि काकांचं घर मंडळीच्या वाटेवरच आहे.

बायांचे पैसे शनिवारी चुकते कर आणि रविवारी ये. थैली अजून माझ्याच हातात आहे. तुझ्या बाकापाशी आलो की मी खिडकीकडे बघेन.

तुझा,
मास्तर