चेकसमपाशी अडणारे फझिंग

प्रश्न : पीएनजी चित्रे वाचणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमचे आम्ही एएफएल प्लस प्लस या साधनाने फझिंग (आपोआप बदललेल्या फाइली देऊन चाचणी) करतो, परंतु बदललेल्या बहुतेक फाइली चेकसम (डेटा बदलला आहे का हे ओळखण्यासाठीची पडताळणी संख्या) चुकल्याने सुरुवातीलाच नाकारल्या जातात. उपाय सुचवावा.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : कस्टम म्युटेटरमध्ये (फझरला जोडायच्या आपल्या स्वतःच्या कोडमध्ये) ‘एएफएल_कस्टम_पोस्ट_प्रोसेस’ हे फंक्शन लिहावे, फझरने बाइट बदलल्यानंतर आणि बदललेले बाइट प्रोग्रॅमला देण्यापूर्वी हे फंक्शन चालते. त्यात प्रत्येक चंकचा (पीएनजी फाइल ज्या तुकड्यांची बनते त्यातील एकाचा) सीआरसी, म्हणजे पीएनजीतील चेकसम, नव्याने काढून त्या चंकच्या शेवटच्या 4 बाइटांत भरावा. हा सीआरसी चंकचा प्रकार आणि डेटा यांवरच काढतात, सुरुवातीच्या 4 बाइटांतील लांबी त्यात धरत नाहीत, आणि गफलत बहुधा इथेच होते. लांबी मात्र दुरुस्त करू नये, कारण खोट्या लांबीवर विश्वासून बफरबाहेर (डेटासाठी राखलेल्या मेमरीबाहेर) वाचणारा कोड हेच तर आपले सावज आहे. ही लांबी फाइलबाहेर जात असल्यास उरलेले बाइट जसेच्या तसे सोडावेत. या फंक्शनमध्ये यादृच्छिक बदल अजिबात नकोत, अन्यथा तेच इनपुट पुन्हा चालवल्यावर निराळे वागेल. इनपुट अगदीच निरुपयोगी असल्यास नल (रिकामा) बफर आणि शून्य लांबी परत करावी, म्हणजे ते प्रोग्रॅमपर्यंत जातच नाही. चेकसमची तपासणी कोडमधूनच काढून टाकण्याची पळवाटही आहे, पण मग सापडलेली, प्रोग्रॅम बंद पाडणारी (क्रॅश) फाइल मूळ प्रोग्रॅमवर चालवण्यापूर्वी तिचा सीआरसी वेगळा दुरुस्त करावा लागतो.